घोड्याची आंघोळ: शाम्पू कोणता, पाणी किती आणि कधी नुसता खरारा

"घोड्यासाठी शाम्पू कोणता चांगला?" असं कुणी विचारलं की मी आधी विचारते, तंगाखाली, म्हणजे खोगीर आवळायच्या पोटाखालच्या पट्ट्याखाली, हात घालून पाहिलात का? खोगीर उतरवलं की पुढच्या पायाच्या मागे, कोपराच्या जरा वर, जिथे तंग आवळला जातो तिथे बोटं केसांच्या उलट्या दिशेने फिरवा आणि नखात काय येतं ते उजेडात बघा. पांढुरकी, खरखरीत भुकटी आली तर ते घामाचं मीठ. माती आली तर माती. करडा, बोटाला चिकटणारा, लोकरीसारखा वास येणारा थर आला तर ते त्वचेचं तेल आणि कोंडा एकत्र बसलेले असतात. आणि केसांचा झुपका मुळाशी खपली घेऊनच हातात आला, तर तो मळ नव्हे, आजार आहे.

या चारही गोष्टींवर उपाय वेगळे आहेत. मिठाला पाणी पुरतं, मातीला खरारा, म्हणजे दातेरी ब्रशने अंग घासणं, पुरतो, तेलकट थराला शाम्पू लागतो आणि खपलीला पशुवैद्य. बाटल्यांवर चमकत्या घोड्यांची चित्रं असतात, पण तुमच्या घोड्याच्या अंगावर यातलं काय आहे ते बाटलीला माहीत नसतं. म्हणून आधी हाताने बघायचं आणि मग निवडायचं.

नुसतं पाणी की शाम्पू?

घोडा घाम गाळून अंग थंड ठेवतो, आणि गाळतो तोही भरपूर. गरम हवेत जोराचं काम झालं तर तासाला १० ते १५ लिटर घाम जाऊ शकतो. त्या घामात मीठ तर असतंच, शिवाय लॅथेरिन नावाचं एक प्रथिन असतं. मांड्यांच्या मधे किंवा लगाम घासतो तिथे मानेवर जो पांढरा फेस जमतो, तो या लॅथेरिनमुळे. घोड्याचे केस तेलकट असतात, पाणी त्यांच्यावर सहज पसरत नाही. लॅथेरिन पाण्याचा पृष्ठताण कमी करतं, त्यामुळे घाम केसांवरून पसरतो, वाऱ्याने उडतो आणि अंग निवतं. साबणही पृष्ठताण कमी करूनच काम करतो. थोडक्यात, घोडा स्वतःचा सौम्य साबण स्वतःच तयार करतो.

याचा आपल्याला मोठा उपयोग आहे. काम करून आलेल्या घोड्यावर साध्या पाण्याची धार सोडली की पहिल्या मिनिटाला पाठीवरून दुधाळ, फेसाळ पाणी ओघळतं. नवीन माणूस घाबरतो, त्याला वाटतं मागच्या आंघोळीचा शाम्पू राहिला की काय. तो घामच असतो. मीठ पाण्यात विरघळतं, पाण्याबरोबर निघून जातं, आणि त्यासाठी बाटलीचं झाकण उघडायची गरज नसते. उलट घाम तसाच ठेवला तर केस चिकटतात, खाज सुटते, खोगिराखाली मिठाचे कण घासून कातडं सोलवटतं. काळ्या घोड्याचे केस घाम आणि ऊन मिळून तांबूस पडतात ते वेगळंच. म्हणून कामानंतर रोज पाणी घालायला हरकत नाही. रोज शाम्पू लावायला मात्र माझी हरकत आहे.

कारण शाम्पू मळ आणि त्वचेचं तेल यांत फरक करत नाही. ते तेल घोड्याच्या कामाचं असतं: केसांना लकाकी त्यानेच येते, हलक्या सरींचं पाणी त्यानेच बाहेरच्या बाहेर ओघळतं. आठवड्याला दोनदा शाम्पू झाला की केस निस्तेज होतात, कोंडा वाढतो, कोंडा दिसतो म्हणून आपण पुन्हा धुतो, आणि धुतल्यामुळे तो आणखी वाढतो. हे चक्र मी बऱ्याच तबेल्यांत पाहिलं आहे. तिथे चांगली काळजी घेणारी माणसंच होती, फक्त काळजी चुकीच्या जागी खर्च होत होती. ज्या घोड्याला रोज मनापासून खरारा होतो, गोल गोल, जोर लावून, त्याच्या अंगावर जी चकाकी येते ती कुठल्याही बाटलीतून येत नाही.

मातीचंही तसंच. ओल्या चिखलावर पाणी मारून चोळलं तर वाळूचे कण केसांच्या मुळाशी जातात. चिखल वाळू द्यावा, मग ब्रशने झटकावा. पायांना तर हे नक्कीच लागू आहे, त्याबद्दल पुढे बोलूच.

मग शाम्पू हवा तरी कधी? तेलकट करडा थर खराऱ्याने निघेनासा झाला तर. लघवीचे, शेणाचे पिवळे डाग धरले असतील तर. केस मशीनने कापायचे असतील तर, कारण मळक्या केसांनी मशीनची पाती लवकर बोथट होतात. माशांचं औषध, मलम, तेल यांचे थर साचले असतील तर. आणि स्पर्धा किंवा समारंभ असेल तर. माझ्या हिशोबाने तब्येतीने ठीक असलेल्या घोड्याला पूर्ण शाम्पूची आंघोळ ऋतूत दोन-तीनदा पुरते. बाकी वेळा पाणी आणि खरारा.

घोड्याचा शाम्पू, माणसाचा शाम्पू, भांड्यांचा साबण

इथे सगळ्यात जास्त वाद होतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

माणसाची त्वचा आम्लधर्मी असते, तिचा सामू (pH) साडेपाचच्या आसपास असतो. घोड्याची त्वचा त्या मानाने उदासीन, म्हणजे सातच्या जवळ जाणारी. घोड्याचे शाम्पू हे धरून बनवलेले असतात, माणसाचे बनवलेले नसतात. पण यावरून "माणसाचा शाम्पू म्हणजे विष" असा अर्थ काढू नका. एखाद्या वेळी दुसरं काहीच हाताशी नसलं आणि माणसाचा साधा, कमी वासाचा शाम्पू पातळ करून वापरला तर घोड्याला काही होणार नाही. अडचण येते ती सवय झाल्यावर. माणसाच्या शाम्पूत सुगंध जास्त असतो, आणि केसांवर मागे राहावीत अशी द्रव्यं मुद्दाम घातलेली असतात. आपल्या डोक्यावरून ती नळाखाली निघतात किंवा राहिली तरी चालतात. साडेचारशे-पाचशे किलोच्या जनावराच्या दाट केसांतून ती काढायला किती पाणी लागेल याचा विचार करा.

उलटा प्रवास मात्र गमतीचा झाला. 'मेन अँड टेल' हा शाम्पू घोड्यांच्या आयाळ-शेपटीसाठी निघाला आणि १९९० च्या दशकात माणसांनीच तो आपल्या डोक्याला लावायला सुरुवात केली. यातून लोक असा निष्कर्ष काढतात की दोन्हीकडे एकच चालतं. आयाळ आणि शेपटीचे लांब केस आपल्या केसांसारखे वागतात हे खरं. पाठीवरच्या आखूड केसांखालची त्वचा तशी वागत नाही.

लहान बाळांचा शाम्पू हा माणसांच्या शाम्पूंपैकी सगळ्यात बरा पर्याय. तो सौम्य असतो, डोळ्यांना कमी झोंबतो. शिंगराचा मळलेला पार्श्वभाग धुवायचा असेल किंवा घोड्याच्या अंगावर एकच डाग काढायचा असेल तर मी तो निःशंक वापरते. पूर्ण वाढलेल्या घोड्याच्या तेलकट पाठीला मात्र तो पुरत नाही, मग माणूस भसाभस ओतत जातो आणि सौम्यपणाचा फायदा तिथेच संपतो.

भांड्यांचा साबण हा अगदी दुसऱ्या टोकाचा. तूप-तेल तोडण्यासाठीच तो बनवलेला असतो आणि घोड्याच्या अंगावरही तो तेच करतो: पहिल्याच धुण्यात चकचकीत स्वच्छ आणि चार दिवसांनी कोरडा, खाजरा घोडा. शेपटीला वंगण किंवा डांबरासारखं काही चिकटलं असेल तर तेवढ्या केसांपुरता वापरा, बाकी अंगाला नको. साबणाची वडीही मी नाकारते. ती अल्कधर्मी असते, आणि पाणी जड असेल तर साबण आणि पाण्यातलं कॅल्शियम मिळून एक पांढरट चिकट साका तयार होतो, जो केसांच्या मुळाशी बसतो. तुमच्या बादलीच्या कडेला साबणाचं करडं वलय धरत असेल तर तेच घोड्याच्या कातडीवरही धरतंय असं समजा.

घोड्यासाठीचे सगळे शाम्पूही सारखे नसतात. बाटली उलटी करून घटकांची यादी वाचायची सवय लावा. जे जास्त प्रमाणात ते यादीत वर, असा नियम असतो. पाण्यानंतर लगेच सोडियम लॉरिल सल्फेट असेल तर शाम्पू कडक आहे. सोडियम लॉरेथ सल्फेट नावाने जवळचं असलं तरी त्याहून सौम्य. कोकामिडोप्रोपिल बीटेन किंवा कोको ग्लुकोसाइड ही नावं वर दिसली तर आणखी सौम्य. अशा शाम्पूंना फेस कमी येतो, आणि फेस कमी म्हणजे साफ कमी असं वाटून लोक नाराज होतात. फेस दिसायला छान असतो एवढंच, मळ सुटण्याचा त्याच्याशी फारसा संबंध नाही. उलट कमी फेसाचा शाम्पू लवकर धुवून निघतो, आणि घोड्याच्या बाबतीत हा गुण मी सगळ्यात वर मानते.

म्हणून निरोगी त्वचेच्या घोड्यासाठी निवड करायची तर सौम्य, कमी वासाचा, कमी फेसाचा, घोड्यासाठीचा शाम्पू. यात मला शंका नाही.

औषधी शाम्पू: कधी आणि कधी नाही

माझ्या सांभाळात एक कुमैत, म्हणजे तांबूस-तपकिरी अंगाचा, घोडा होता. आठवडाभर सतत भिजला आणि त्याच्या पाठीवर बारीक उंचवटे आले. बोट फिरवलं की कोरड्या रंगाच्या थेंबांसारखे लागायचे. उचलले की रंगाचा ब्रश असावा तसा केसांचा झुपका खपलीसकट निघायचा. मी ओळखलं बरोबर: डर्मॅटोफिलस कॉंगोलेन्सिस या जंतूचा संसर्ग, जो ओल्या, नाजूक झालेल्या कातडीत शिरतो. औषधही बरोबर आणलं, क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशकाचा शाम्पू. पुढे मात्र सगळं चुकलं. आधी साध्या साबणाने चोळून काढलं, मग औषधी शाम्पूचा फेस केला, दोन मिनिटांत धुतला आणि ओल्या घोड्याला तसंच बांधलं. आठवड्यात तीनदा. खपल्या पाठीवरून पुठ्ठ्यांवर उतरल्या.

पशुवैद्यांनी पहिला प्रश्न विचारला तो असा: फेस अंगावर किती वेळ ठेवलात? क्लोरहेक्सिडीनला जंतूंवर काम करायला १० मिनिटं तरी लागतात. दोन मिनिटांत धुतलं तर औषध गटारात गेलं. दुसरी गोष्ट मला माहीतच नव्हती. नेहमीच्या साबणातली आणि बऱ्याच शाम्पूंतली द्रव्यं ऋणभारित असतात, क्लोरहेक्सिडीन धनभारित असतं. दोघं भेटले की औषध निकामी होतं. आधी साध्या शाम्पूने धुवायचं असेल तर तो पूर्ण, अगदी पूर्ण निघाल्याशिवाय औषधी शाम्पू लावू नये. तिसरी चूक सगळ्यात मोठी: जो जंतू ओलाव्यावर जगतो, त्याला मी दर दोन दिवसांनी ओलावा पुरवत होते. तेव्हापासून औषधी आंघोळ करायची तर घोडा आधी कुठे वाळवणार ते ठरवते आणि मगच पाणी सोडते.

आता वेगवेगळ्या औषधी शाम्पूंचं बोलू. क्लोरहेक्सिडीन, साधारण २ ते ४ टक्के, जंतूंच्या संसर्गाला. बुरशी असेल, म्हणजे गोल चट्टे पडून केस जात असतील, तर एकट्या क्लोरहेक्सिडीनचा भरवसा कमी. त्याच्या जोडीला मायकोनॅझोल असलेला शाम्पू बरा. गजकर्ण घोड्याकडून माणसालाही लागतो, तेव्हा हातमोजे घाला, आणि त्या घोड्याचा खरारा, ब्रश, खोगिराखालचं कापड दुसऱ्या घोड्याला लावू नका. पोव्हिडोन आयोडीन जंतू आणि बुरशी दोन्हींवर चालतं, पण कातडी कोरडी करतं, पांढऱ्या केसांवर डाग पाडतं आणि मळ असेल तर त्याचा जोर ओसरतो. दोन्हींतून एक निवडायचं तर मी क्लोरहेक्सिडीन घेईन. ते डोळ्यात आणि कानात मात्र जाऊ देऊ नये, डोळ्याला इजा होते.

गंधक आणि सॅलिसिलिक आम्ल असलेले शाम्पू तेलकट, जाड कोंड्यासाठी असतात. ते कोंड्याचा थर मऊ करून सोडवतात. कोरड्या कोंड्याला ते लावले तर कोरडेपणा वाढतो, म्हणून कोंडा बोटांत चोळून बघा, तेलकट लागतो की भुकटीसारखा उडतो. चिलटं चावून आयाळ आणि शेपटीच्या मुळाशी खाज सुटत असेल तर ओट्सच्या अगदी बारीक पिठाचा शाम्पू थोडा आराम देतो. कारण मात्र तिथेच राहतं: चिलटं. त्या घोड्याला जाळीचा अंगरखा आणि संध्याकाळी आत बांधणं हे कुठल्याही शाम्पूपेक्षा जास्त उपयोगी पडतं.

एक इशारा मात्र ठळक अक्षरांत लिहावा असा. कुत्र्याचं गोचीड मारायचं औषध किंवा शाम्पू घोड्याला लावू नका. त्यात अमिट्राझ असेल तर घोड्याच्या आतड्यांची हालचाल मंदावते, आत विष्ठा अडकते, पोटशूळ उठतो आणि जीवही जाऊ शकतो. घोड्यांसाठीच्या काही माशीनाशक औषधांत परमेथ्रिन असतं. ते घोड्याला चालतं, पण तबेल्यात मांजर असेल तर तिला त्याची बाधा फार लवकर होते. ओल्या घोड्याजवळ आणि वापरलेल्या बादलीजवळ तिला येऊ देऊ नये.

आणि खपली दुखत असेल, पू असेल, पाय सुजला असेल किंवा दोन आठवड्यांत फरक पडला नाही, तर शाम्पू बदलत बसू नये. डॉक्टरांना बोलवावं.

पांढऱ्यासाठीचा, बिनपाण्याचा आणि कंडिशनर

पांढऱ्या घोड्यांसाठी आणि पंचकल्याणीच्या (चारही पाय आणि तोंड पांढरं असलेल्या घोड्याच्या) पायांसाठी जांभळा-निळा शाम्पू मिळतो. निळसर रंग पिवळेपणाला झाकतो, आपण पांढऱ्या कपड्यांना नीळ देतो तसंच. डाग खरोखर काढायचा असेल तर आधी साध्या शाम्पूने धुवा, मग हा लावा. बाटलीवर लिहिलेल्या वेळेपेक्षा जास्त ठेवला तर शेपूट फिकट जांभळी होते. पांढऱ्या खुणांखालची त्वचा गुलाबी असते, ती उन्हाने लवकर भाजते, म्हणून तिथे कडक काहीही घासू नये.

बिनपाण्याचा फवारा थंडीत एखाद्या डागापुरता ठीक. आंघोळीऐवजी नाही, कारण मळ त्यात सुटतो आणि पुसला गेला नाही तर तिथेच राहतो.

कंडिशनर किंवा सिलिकॉनचा फवारा आयाळीला आणि शेपटीला लावला तर गुंता सुटतो, केस तुटत नाहीत. पाठीवर, जिथे खोगीर बसतं तिथे, आणि तंगाच्या जागी कधीही नाही. केस इतके गुळगुळीत होतात की खोगीर सरकतं आणि माणूस पडतो. आयाळीच्या वेण्या घालायच्या असतील तर धुणं एक-दोन दिवस आधी उरकावं, नुकते धुतलेले केस हातातून निसटतात.

स्पर्धेत उतरणाऱ्यांसाठी एक गोष्ट. त्वचेवर लावलेलं अंगात उतरू शकतं. २००८ च्या ऑलिंपिकमध्ये, हाँगकाँगला झालेल्या घोडेस्वारीत, काही घोडे कॅप्सेसिनच्या चाचणीत अडकले. कॅप्सेसिन म्हणजे मिरचीचा तिखटपणा, तो अंग चोळायच्या काही मलमांत असतो. "वनौषधीयुक्त" लिहिलेल्या बाटलीत कापूर किंवा कॅप्सेसिन आहे का ते स्पर्धेच्या आधी नक्की बघा.

नळी की बादली, गार की कोमट

आंघोळ करायची ठरली तर आधी जागा बघा. पाय न घसरणारी जमीन, पाण्याला उतार, घोड्याला बांधायला एका झटक्यात सुटणारी गाठ. घोड्याच्या मागून जाऊ नये असं जे म्हणतात ते आंघोळीत दुप्पट खरं, कारण शेपटीखाली अचानक गार पाणी लागलं की शहाणा घोडाही लाथ घालतो. बाजूला, मांडीला अंग लावून उभं राहा आणि शेपूट स्वतःकडे ओढून धुवा.

नळीचा मोठा फायदा म्हणजे वाहतं पाणी, आणि शाम्पू काढायला वाहत्या पाण्यासारखं दुसरं काही नाही. बादली आणि स्पंज घाबरट घोड्याला, शिंगराला, म्हाताऱ्या घोड्याला बरे. एक घोडी माझ्याकडे आली तेव्हा नळी जमिनीवर नुसती हलली तरी कान मागे करायची, नाकपुड्या फुगवायची. पंधरा दिवस मी नळीतून पाणी तिच्या समोर, दूर जमिनीवर सोडत राहिले. मग पुढच्या खुरावर, मग नडगीवर, मग खांद्यापर्यंत. सोळाव्या की सतराव्या दिवशी तिने मान खाली घातली, धार चाटून बघितली, आणि त्या दिवसापासून नळीची भीती गेली. भिजवायला सुरुवात करताना धार नेहमी पायापासून वर न्यायची. जोराच्या दाबाचं यंत्र मात्र कधीच नको.

नळी उन्हात पडली असेल तर पहिलं पाणी आधी जमिनीवर सोडून हातावर बघा. आत साचलेलं पाणी चटका बसेल इतकं तापलेलं असतं.

गार की कोमट, याचं उत्तर घोडा तापलेला आहे की नाही यावर आहे. धावून आलेला, धापा टाकणारा घोडा असेल तर गार पाणीच घाला, भरपूर, सगळ्या अंगावर, न थांबता. गार पाण्याने स्नायू आखडतात ही जुनी भीती आहे. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकच्या तयारीत उष्ण, दमट हवेत घोडे कसे निववायचे यावर बराच अभ्यास झाला, आणि गार पाण्याचा मारा सुरक्षित आणि परिणामकारक असल्याचं दिसलं. तापलेल्या घोड्यावर पाणी ओतायचं, मग अंगावरचं पाणी ओढून काढायच्या पट्टीने निथळायचं, मग पुन्हा ओतायचं, यात वेळ जातो. निथळत बसण्यापेक्षा ओतत राहिलेलं चांगलं. मात्र शाम्पूची आंघोळ असेल, घोडा निवलेला असेल, तर कोमट पाणी बरं: तेलही लवकर सुटतं आणि घोडा शांत उभा राहतो. हवा थंड आणि वारा असेल तर पूर्ण आंघोळ पुढे ढकला. एक लिटर पाणी अंगावरून वाळताना सुमारे २४०० किलोज्यूल उष्णता घेऊन जातं. उन्हाळ्यात हे वरदान, थंडीत कुडकुडायला लावणारं.

लावणं थोडं, काढणं फार

आधी खरारा, कोरड्या अंगावर. मग अंग पूर्ण भिजवायचं, कातडीपर्यंत. शाम्पू घोड्यावर थेट ओतू नका, एका जागी दाट बसतो आणि तिथून निघता निघत नाही. बादलीभर पाण्यात थोडासा मिसळा, स्पंजाने लावा, रबराच्या खराऱ्याने चोळा. एक बाजू पूर्ण करा, धुवा, मग दुसरी. सगळा घोडा एकदम फेसात घेतला तर दुसरी बाजू धुवेपर्यंत पहिलीवरचा शाम्पू वाळतो.

तोंडाला शाम्पू नाही. ओला, पिळलेला स्पंज, डोळ्यांभोवती साधं पाणी, कानांत थेंबही नाही. शेपटीच्या हाडाला आणि आयाळीच्या मुळाला बोटांच्या टोकांनी चोळा, मळ तिथे लपतो.

मग धुणं. लावायला पाच मिनिटं लागली असतील तर काढायला दहा द्या. धार वरून खाली, कण्यापासून पोटाकडे. शाम्पू राहतो त्या जागा ठरलेल्या: आयाळीचं मूळ, छातीची घडी, तंगाची जागा, पोटाची मधली रेषा, मांड्यांच्या मधे, शेपटीचं हाड. पाणी स्वच्छ दिसतं म्हणून थांबू नका. केस चिमटीत धरून खाली ओढा: बोटं बुळबुळीत सरकली तर शाम्पू आहे, अडखळून चुरचुरली तर निघाला. दुसऱ्या एका घोड्याच्या आयाळीत मी ही तपासणी करायची राहून गेले होते. दोन दिवसांत त्याने खांबाला मान घासून घासून हातभर आयाळ तोडली. सगळ्यांनी चिलटांना दोष दिला. मी मुळाशी ओला अंगठा घासला तर फेस आला.

शेवटी निथळणं: पट्टी केसांच्या दिशेने, मान, पाठ, पोट, पुठ्ठे. नडगी आणि चेहऱ्यावर पट्टी नाही, तिथे टॉवेल. खुरांच्या वरच्या खळग्यात पाणी राहू देऊ नका. तिथे ओल राहिली की कातडी भेगाळते, खपल्या धरतात, लंगडणं सुरू होतं. पाय रोज धुवून ओलेच ठेवण्यापेक्षा चिखल वाळवून झटकलेला परवडला. खूर सतत भिजत-वाळत राहिले तर तेही ठिसूळ होतात, पाय रोज भिजवत ठेवायला माझा विरोध आहे त्याचं हेही एक कारण. मग घोड्याला हातात धरून उन्हात फिरवा. ओल्या अंगावर जाड पांघरूण घालू नका, वाफ आत कोंडते. जाळीचं किंवा लोकरीचं पांघरूण चालतं.

आंघोळ झाल्या झाल्या घोडा मातीत लोळला तर ओरडू नका, त्याला तसंच बरं वाटतं, आणि वाळल्यावर ती माती ब्रशने जाते. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तंगाच्या जागी बोटं उलटी फिरवा. कातडी मऊ, थंड, कोरडी लागली तर शाम्पू तुमच्या घोड्याला जमला, तोच ठेवा. तांबूस पुरळ, ऊब किंवा पांढरा कोरडा पापुद्रा दिसला तर आधी साध्या पाण्याने ती जागा पुन्हा धुवा, दोन दिवस खोगीर घालू नका, आणि तरीही राहिलं तर तो शाम्पू त्या घोड्याला पुन्हा लावू नका, मग बाटली कितीही भरलेली असो.